आरमध्ये कॉलम वाढवणं, नावं देणं आणि क्रम लावणं: कोणत्या पायरीवर काय चुकतं

पुणे जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १०९३ स्त्रिया. हा आकडा मी एका अहवालाच्या मसुद्यात स्वतः लिहिला होता. २०११च्या जनगणनेनुसार खरा आकडा ९१५ आहे. रत्नागिरीचं नेमकं उलट झालं होतं: ११२२च्या जागी ८९१. सूत्र बरोबर होतं, भागाकार बरोबर होता. फाइल तयार करणाऱ्यानं या वेळी स्त्रियांचा कॉलम पुरुषांच्या आधी ठेवला होता आणि मी मागच्या वेळची नावांची यादी त्याच क्रमानं वरून चिकटवली होती. सात कॉलमना सात नावं मिळाली, त्यामुळे आर या आकडेवारीच्या संगणकभाषेनं काहीच तक्रार केली नाही.

आर शिकवताना हीच चूक मला वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा दिसते. कॉलम वाढवणं ही एका ओळीची गोष्ट वाटते, म्हणून कुणी तयारी करत नाही आणि पायऱ्यांचा क्रम उलटसुलट होतो. माझा क्रम ठरलेला आहे: आधी प्रकार, मग नावं, मग नवे कॉलम आणि मांडणीचा क्रम सगळ्यांत शेवटी. आणि प्रत्येक पायरीवर कॉलमला नावानंच हाक मारायची, जागेच्या आकड्यानं नाही.

हा लेख आरमधलं डेटा.टेबल हे टेबलं हाताळायचं पॅकेज धरून लिहिला आहे. फंक्शनांची नावं आपण बोलताना उच्चारतो तशी देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत (मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे) आणि मध्ये जागा न सोडता लिहायची. सेटनेम्स म्हणजे सेट आणि नेम्स जोडून, सेटकॉलऑर्डर म्हणजे सेट, कॉल आणि ऑर्डर जोडून. आरस्टुडिओमध्ये पहिली तीन अक्षरं लिहून टॅब दाबलं की पूर्ण नाव समोर येतं. कॉलमची नावंही रोमनमध्येच ठेवा; खालच्या कोडमध्ये ती फक्त वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत आहेत. देवनागरी मथळे हवेत ते अगदी शेवटी, छापायच्या तक्त्यात द्या.

## सुरू करण्याआधी

कोड लिहायला बसण्याआधी एक छोटी यादी करा. वहीत करा किंवा वेगळ्या सीएसव्ही फाइलमध्ये, पण करा. तिच्यात चार रकाने ठेवा: मूळ नाव, नवं नाव, प्रकार (पूर्णांक, दशांश की मजकूर) आणि शेवटच्या टेबलमधली जागा. जे कॉलम तुम्ही नव्यानं तयार करणार आहात त्यांचीही नोंद इथेच करा, मूळ नावाच्या रकान्यात सूत्र लिहून. या यादीला दहा मिनिटं लागतात. पुढच्या बहुतेक चुका ती नसल्यामुळेच होतात.

मूळ फाइलला हात लावायचा नाही. एक्सेलमध्ये उघडून "जरा मथळे नीट करतो" असं म्हणत सेव्ह केलं, तर कोडमध्ये त्या बदलाचा कुठेही माग राहत नाही.

उदाहरणासाठी २०११च्या जनगणनेतले महाराष्ट्राचे पाच जिल्हे घेऊ.

रत्नागिरी: पुरुष ७,६१,१२१, स्त्रिया ८,५३,९४८
सिंधुदुर्ग: पुरुष ४,१७,३३२, स्त्रिया ४,३२,३१९
ठाणे: पुरुष ५८,६५,०७८, स्त्रिया ५१,९५,०७०
पुणे: पुरुष ४९,२४,१०५, स्त्रिया ४५,०५,३०३
गडचिरोली: पुरुष ५,४१,३२८, स्त्रिया ५,३१,६१४

ठाण्याचा आकडा पालघरसह आहे. पालघर वेगळा जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. म्हणून २०११च्या टेबलमध्ये ३५ जिल्हे आणि आजच्या यादीत ३६.

जनगणनेच्या प्राथमिक सारात एकूण, पुरुष आणि स्त्रिया यांच्या कॉलमची नावं टॉट_पी, टॉट_एम आणि टॉट_एफ अशी असतात. टीआरयू नावाचा आणखी एक कॉलम असतो. ती ओळ एकूण लोकसंख्येची आहे, ग्रामीणची की शहरी, हे त्यावरून कळतं.

## टप्पा १: फाइल वाचा आणि प्रकार पक्के करा

एफरीडनं फाइल वाचा आणि लगेच एसटीआर चालवा, म्हणजे प्रत्येक कॉलमचा प्रकार दिसेल. इथे तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, स्वल्पविराम. पीडीएफमधून किंवा एक्सेलमधून आलेल्या फाइलमध्ये "९४,२९,४०८" असं अवतरणात लिहिलेलं असेल, तर तो कॉलम मजकूर म्हणून येतो. त्यावर थेट अ‍ॅज.इंटिजर चालवलं की सगळीकडे एनए (म्हणजे मूल्यच नाही) होतं. आधी जीसबनं स्वल्पविराम काढा आणि मगच आकड्यात बदला.

दुसरी, कोड. महाराष्ट्राचा राज्य कोड २७ आहे, तो आकडा म्हणून वाचला तरी बिघडत नाही. पण भारतभरची फाइल असेल तर शून्यानं सुरू होणारे कोड येतात आणि "०१"चा १ होतो. पुढे दुसऱ्या टेबलशी जोडताना तो जुळत नाही. एफरीडला कॉलक्लासेस (यातला दुसरा सी मोठ्या अक्षरात) देऊन सगळे कोड मजकूर म्हणूनच वाचायला सांगा. जे मोजायचं नाही, ज्याची बेरीज करायची नाही, तो आकडा नव्हे.

तिसरी, टीआरयू. जिल्ह्याच्या तीन ओळी असतील तर फक्त एकूण असलेली ओळ ठेवा. हे राहून गेलं आणि तुम्ही विभागाच्या बेरजेचा कॉलम वाढवलात, तर बेरीज बरोबर दुप्पट येते, कारण ग्रामीण अधिक शहरी म्हणजे पुन्हा एकूणच.

तपासा: ओळींची संख्या ३५ आहे का? संख्येच्या कॉलममध्ये एनए किती? शून्य नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: प्रत हवी आहे का, हे ठरवा

डेटा.टेबल टेबल जागच्या जागी बदलतं. वेग त्यामुळेच मिळतो आणि सगळ्यांत जास्त गोंधळही त्यामुळेच होतो.

नवा <- तक्ता

असं लिहिलं की दुसरं टेबल तयार झालं, असं वाटतं. तसं होत नाही. एकाच टेबलला दोन नावं मिळतात. मग नवामध्ये := वापरून कॉलम वाढवला की तो तक्तामध्येही दिसतो. मूळ जपायचं असेल तर

नवा <- कॉपी(तक्ता)

असंच लिहा. फंक्शनच्या आतही हाच नियम. टेबल फंक्शनला दिलं आणि आत := वापरलं, तर बाहेरचं टेबल बदलतं. तुम्हाला तेच हवं असेल तर उत्तम, नसेल तर फंक्शनच्या पहिल्याच ओळीत कॉपी करा.

याचीच एक बारीक पण त्रासदायक बाजू आहे. बदल करण्याआधी "जुनी नावं" जपून ठेवायला लोक लिहितात:

जुनी <- नेम्स(तक्ता)

मग दोन कॉलम वाढवतात, आणि पुढे नवे कॉलम कोणते हे शोधायला सेटडिफ वापरतात. उत्तर रिकामं येतं. कारण जुनी ही यादीसुद्धा टेबलबरोबर बदललेली असते. इथेही कॉपी(नेम्स(तक्ता)) हवं. ही चूक शोधण्यात एका विद्यार्थिनीची अख्खी दुपार गेलेली मी पाहिली आहे. कोडची प्रत्येक ओळ ती वाचून दाखवत होती आणि प्रत्येक ओळ बरोबर दिसत होती.

## टप्पा ३: नावं बदला, जुनं आणि नवं जोडीनं देऊन

सुरुवातीला सांगितलेली माझी चूक या टप्प्यातली. नावांची अख्खी यादी एका दमात वरून चिकटवणं, म्हणजे नेम्स(तक्ता) <- सी(...) असं लिहिणं, बंद करा. त्यात कोणतं जुनं नाव कोणत्या नव्या नावाला गेलं हे कुठेच लिहिलेलं नसतं, फक्त जागेवर भरवसा असतो. त्याऐवजी:

सेटनेम्स(तक्ता, सी("टॉट_पी", "टॉट_एम", "टॉट_एफ"), सी("एकूण", "पुरुष", "स्त्री"))

आता फाइलमधला क्रम कसाही येऊ दे, टॉट_एम पुरुषच होणार. आणि एखादं जुनं नाव फाइलमध्ये नसेल तर सेटनेम्स तिथेच थांबतं आणि ते नाव सापडलं नाही असं सांगतं. ही अडचण नव्हे, हा पहारा आहे. स्किप_अ‍ॅबसेंट नावाचा पर्याय ट्रू केला की हा पहारा उठतो आणि न सापडलेली नावं गुपचूप सोडून दिली जातात. वेगवेगळ्या वर्षांच्या फाइलींवर एकच कोड चालवायचा असेल तेव्हाच तो वापरा, आणि नंतर हवी ती सगळी नावं आली का हे स्वतः तपासा.

दोन कॉलमची नावं आपापसांत बदललेली असतील तर ती एकाच सेटनेम्समध्ये बदला: जुनी यादी "पुरुष", "स्त्री" आणि नवी यादी "स्त्री", "पुरुष". दोन्ही बदल एकदम होतात. हेच दोन ओळींत केलं तर पहिल्या ओळीनंतर दोन्ही कॉलमचं नाव "स्त्री" होतं. एकच नाव दोन कॉलमना असेल तर डॉलरच्या चिन्हानं हाक मारल्यावर पहिलाच कॉलम मिळतो, दुसरा आहे हे कळतही नाही.

नाव कसं ठेवावं याबद्दल थोडंसंच. लहान अक्षरं, जागेऐवजी अधोरेघ, सुरुवात अक्षरानं. "लोकसंख्या (२०११)" असं नाव एफरीड जसंच्या तसं ठेवतं आणि मग प्रत्येक वेळी ते उलट्या टिंबात (बॅकटिक या चिन्हात) गुंडाळावं लागतं. साधं डेटा.फ्रेम तयार करताना मात्र आर स्वतःहून नाव बदलतं: जागा आणि कंस यांच्या जागी टिंब येतं, आकड्यानं सुरू होणाऱ्या नावापुढे एक्स लागतो. म्हणजे एकच फाइल दोन पद्धतींनी वाचली तर नावं दोन प्रकारची येतात. त्या भानगडीत पडण्यापेक्षा वाचल्याबरोबर आपली नावं द्यावीत.

नाव अर्धवट ठेवू नका आणि अर्धवट हाकही मारू नका. डेटा.फ्रेममध्ये डॉलरनंतर "लोक" एवढंच लिहिलं आणि "लोक"नं सुरू होणारा एकच कॉलम असेल, तर आर तो काढून देतं. पण त्याच अर्धवट नावाला काही नेमून दिलं की जुना कॉलम बदलत नाही, "लोक" नावाचा नवाच तयार होतो. वाचताना एक कॉलम, लिहिताना दुसरा.

सावधान: डीप्लायर या आरच्या दुसऱ्या पॅकेजमधलं रीनेम उलट्या क्रमानं लिहितात, नवं = जुनं. सेटनेम्समध्ये आधी जुनं, मग नवं. दोन्ही वापरणाऱ्यांचा हात इथे हमखास चुकतो. आणि पायथनच्या पांडाजमध्ये रीनेमला न सापडलेलं नाव दिलं तर ते मुळात काहीच बोलत नाही, एरर्सचा पर्याय "रेझ" केल्याशिवाय.

तपासा: एनीड्युप्लिकेटेड(नेम्स(तक्ता)) शून्य येतं का (यातला पहिला डी मोठ्या अक्षरात)? त्यानंतर एकूण = पुरुष + स्त्री हे प्रत्येक ओळीत जुळतं का? पण इथे थांबू नका. पुरुष आणि स्त्री यांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच राहते, म्हणून ही तपासणी माझ्या चुकीला पकडू शकली नसती. एखादी खूणगाठीची ओळ हवी. माझी खूणगाठ रत्नागिरी: तिथे स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त, ८,५३,९४८ विरुद्ध ७,६१,१२१. हे स्टॉपइफनॉटमध्ये लिहून ठेवलं की आकडा जुळला नाही तर कोड तिथेच थांबतो.

## टप्पा ४: नवे कॉलम वाढवा

आता हा मुख्य टप्पा. साधा कॉलम असा:

तक्ता[, लिंगगुणोत्तर := राउंड(स्त्री / पुरुष * १०००)]

सुरुवातीचा स्वल्पविराम विसरू नका, त्याच्या आधीची जागा ओळींची आहे. := ही खूण तिच्या डावीकडे लिहिलेल्या नावाचा कॉलम नसेल तर तयार करते आणि असेल तर बदलते. दोन्हींसाठी एकच खूण, म्हणून नाव लिहिताना एका अक्षराची चूक झाली तर जुना कॉलम सुधारण्याऐवजी शेजारी नवा उभा राहतो. कॉलमची संख्या मोजायची सवय यासाठीच लावायची.

### पूर्णांक उतू जातो तेव्हा

काही जण वरचं सूत्र थोडं फिरवून लिहितात: आधी स्त्री * १०००एल, मग भागिले पुरुष. एल लावलं की १००० हा पूर्णांक होतो, आणि आरमधला पूर्णांक २,१४,७४,८३,६४७च्या पुढे जाऊ शकत नाही. रत्नागिरीचा गुणाकार ८५,३९,४८,००० येतो, तो मावतो. सिंधुदुर्ग आणि गडचिरोलीचाही मावतो. पुण्याचा ४,५०,५३,०३,००० होतो आणि तिथे एनए येतं, ठाण्याचंही तसंच. म्हणजे पाचांपैकी तीन ओळी बरोबर आणि नेमके मोठे जिल्हे रिकामे. आर एक इशारा देतं, पण लांबलचक आउटपुटमध्ये तो नजरेतून सुटतो. आधी भागाकार, मग गुणाकार, हा क्रम ठेवला की हा प्रश्नच येत नाही.

### एकाच वेळी अनेक कॉलम

एकदम दोनतीन कॉलम करायचे असतील तर उलट्या टिंबात := लिहून कंसात सगळे देता येतात. १.१५.० आवृत्तीपासून त्यासाठी लेट हे सोपं नावही आलं आहे. पण एक मर्यादा आहे, आणि डीप्लायरच्या म्युटेटवरून आलेले लोक इथे अडकतात. म्युटेटमध्ये आधी तयार केलेला कॉलम त्याच कंसात पुढे वापरता येतो. डेटा.टेबलमध्ये येत नाही.

तक्ता[, लेट(फरक = स्त्री - पुरुष, फरक_टक्के = फरक / एकूण * १००)]

पहिल्यांदा चालवलं की फरक सापडत नाही अशी चूक येते. ही चूक आली तर नशीब चांगलं समजा. कारण बाहेर फरक नावाचं एखादं व्हेरिएबल आधीपासून पडलेलं असेल तर आर तेच उचलतं. किंवा टेबलमध्ये मागच्या वेळचा फरक असेल तर दुसऱ्या कॉलमचा हिशेब त्या जुन्या आकड्यांवर होतो. कुठलाही इशारा नाही. म्हणून एकावर दुसरा अवलंबून असलेले कॉलम दोन वेगळ्या ओळींतच लिहा.

### नाव व्हेरिएबलमध्ये असेल तर

कॉलमचं नाव दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये साठवलं असेल, समजा नवंनाव <- "साक्षरता", तर

तक्ता[, (नवंनाव) := ...]

असा कंस हवाच. कंस विसरलात तर "नवंनाव" याच नावाचा कॉलम तयार होतो. लूपमध्ये हे झालं की दहा कॉलम अपेक्षित असतात आणि एकच मिळतो, शेवटच्या फेरीचे आकडे घेऊन.

### काही ओळींपुरताच कॉलम

तक्ता[कोड == "५२१", शेरा := "पुणे"] असं लिहिलं तर बाकीच्या ओळींत एनए राहतं. अटी एकामागून एक लावायच्या असतील तर एफकेस वापरा आणि डिफॉल्ट द्यायला विसरू नका. दिला नाही तर कुठल्याच अटीत न बसलेली ओळ एनए होते.

### गटाची बेरीज

विभागाची एकूण लोकसंख्या प्रत्येक जिल्ह्यासमोर हवी असेल तर := च्या ओळीत शेवटी बाय = विभाग लिहा. आपल्या पाच जिल्ह्यांत कोकण विभागाचे तीन आहेत: रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि ठाणे. त्यांची बेरीज १,३५,२४,८६८ येते आणि ती तिन्ही ओळींसमोर लागते. सिंधुदुर्गाचा वाटा निघतो सुमारे ६.३ टक्के.

इथे एक चूक मी कळकळीनं सांगतो, कारण ती छापून येते. विभागाचं लिंगगुणोत्तर काढताना लोक आधी तयार केलेल्या लिंगगुणोत्तर कॉलमची सरासरी काढतात. या तीन जिल्ह्यांची ११२२, १०३६ आणि ८८६ यांची सरासरी सुमारे १०१५. म्हणजे स्त्रिया जास्त! प्रत्यक्षात तिन्ही जिल्ह्यांच्या स्त्रिया ६४,८१,३३७ आणि पुरुष ७०,४३,५३१. गुणोत्तर ९२०. ठाणे एकटंच बाकी दोघांच्या चौपटीहून मोठं आहे, आणि साध्या सरासरीत तिघांनाही सारखंच वजन मिळतं. गुणोत्तराचा गट-कॉलम नेहमी मूळ संख्यांच्या बेरजेवरून काढा.

### दुसऱ्या टेबलमधून कॉलम आणणं

जिल्ह्यांना विभाग जोडायचा आहे. साध्या डेटा.फ्रेममध्ये कुणी सहा विभागांची नावं थेट नेमून दिली आणि टेबलमध्ये आजचे ३६ जिल्हे असतील, तर ३६ला ६नं भाग जातो म्हणून आर तीच सहा नावं सहा वेळा गिरवून टाकतं. एकही इशारा येत नाही. डेटा.टेबलमध्ये हे चालत नाही: एकच मूल्य द्या किंवा सगळ्या ओळींइतकी द्या, अधलंमधलं दिलं की ते थांबतं. मला हा कडकपणा फार आवडतो.

योग्य मार्ग म्हणजे कोडवरून जोडणं:

तक्ता[विभागयादी, ऑन = "कोड", विभाग := आय.विभाग]

जिल्ह्याच्या नावावरून जोडू नका. जनगणनेत रायगडचं रोमन स्पेलिंग "रायगढ" असं वाचलं जाईल असं आहे, बीडचं "बिड" असं. शिवाय औरंगाबाद, उस्मानाबाद आणि अहमदनगर यांची नावं तेव्हापासून बदलून छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर झाली आहेत. कोड मात्र २०११च्या टेबलांमध्ये सगळीकडे तेच आहेत: नंदुरबार ४९७ ते सांगली ५३१.

मर्ज वापरलंत तर तीन गोष्टी ध्यानात असू द्या. जुळल्या नाहीत त्या ओळी गळून पडतात, ओळींचा क्रम बदलतो आणि दोन्हीकडे सारखं नाव असलेल्या कॉलमना .एक्स आणि .वाय अशी शेपटं लागतात. वरच्या पद्धतीत ओळी जागच्या हलत नाहीत, पण यादीत एक कोड दोनदा असेल तर शेवटचं मूल्य टिकतं. म्हणून जोडण्याआधी यादीतल्या कोडची एनीड्युप्लिकेटेड तपासणी करा.

तपासा: ओळी अजून ३५ आहेत का? कॉलमची संख्या वहीतल्या यादीइतकी आहे का? विभागात एनए आहे का? रत्नागिरी ११२२, पुणे ९१५, ठाणे ८८६ येतंय का?

:= नंतर टेबल पडद्यावर दिसलं नाही तर घाबरू नका, काम झालेलं असतं. ओळीच्या शेवटी रिकामा चौकटी कंस [] जोडला की ते छापलं जातं.

## टप्पा ५: क्रम लावा

नवे कॉलम नेहमी उजव्या टोकाला जमा होतात. म्हणूनच हा टप्पा शेवटी. आधी क्रम लावला आणि मग आणखी कॉलम वाढवले, तर तेच काम पुन्हा करावं लागतं.

सेटकॉलऑर्डर(तक्ता, सी("कोड", "जिल्हा", "विभाग"))

सगळी नावं देण्याची गरज नाही. दिलेली पुढे येतात, उरलेली त्यांच्यामागे आहेत त्याच क्रमानं राहतात. एखादा कॉलम मध्येच हवा असेल तर १.१५.० पासून बिफोर आणि आफ्टर हे पर्याय आहेत: लिंगगुणोत्तर स्त्रीच्या लगेच मागे ठेवायचं तर आफ्टर = "स्त्री".

चौकटी कंसात नावं देऊन क्रम लावण्याची सवय असेल तर जपून. तिथे न दिलेले कॉलम मागे जात नाहीत, ते टेबलमधून जातात. पांडाजच्या रीइंडेक्समध्ये आणखी एक फसगत आहे: नावात चूक झाली तर त्या चुकीच्या नावाचा, पूर्ण रिकामा कॉलम तयार होतो आणि खरा कॉलम गळतो.

क्रम बदलल्यावर आधीच्या कोडमध्ये कुठे "पाचवा कॉलम" अशी आकड्यानं हाक मारली असेल तर ती आता भलत्याच कॉलमला लागते. फाइलभर शोधा आणि तिथे नाव घाला.

दोन वर्षांची टेबलं एकाखाली एक जोडणार असाल तर हा टप्पा अधिकच महत्त्वाचा. आरबाइंडलिस्टला यूज.नेम्स = ट्रू स्पष्ट सांगा. न सांगितल्यास नावांचा क्रम वेगळा असताना ते इशारा देतं, पण जोडतं जागेनुसार. म्हणजे पुरुषांखाली स्त्रिया.

तपासा: क्रम लावण्याआधी आणि नंतर एनकॉल तोच आहे ना? कॉलमची नावं वर्णानुक्रमे लावून दोन्ही याद्या आयडेंटिकल येतात ना?

## टप्पा ६: जतन करा आणि नव्या सत्रात उघडून बघा

सीएसव्हीसाठी एफराइट. आशयात देवनागरी असेल आणि फाइल एक्सेलमध्ये उघडली जाणार असेल तर बीओएम = ट्रू द्या, नाहीतर जिल्ह्यांच्या नावांच्या जागी कचरा दिसतो. छापायच्या तक्त्यासाठी देवनागरी मथळे हवे असतील तर ते याच वेळी, टेबलच्या कॉपीवर, सेटनेम्सनं द्या. कामाच्या टेबलची नावं तशीच राहू द्या.

आरडीएस (आरची स्वतःची) फाइल करून ठेवली असेल तर पुन्हा वाचल्यावर लगेच सेटडीटी चालवा (इथे डी आणि टी मोठ्या अक्षरांत). डेटा.टेबल नव्या कॉलमसाठी आधीच मोकळ्या जागा राखून ठेवतं, साधारणपणे १०२४. फाइलमध्ये त्या जागा जात नाहीत. सेटडीटी न करता टेबल एखाद्या फंक्शनला दिलं आणि आत := वापरलं, तर कॉलम फंक्शनच्या आत वाढतो आणि बाहेर आल्यावर दिसत नाही. टप्पा दोनमध्ये सांगितल्याच्या अगदी उलट वागणं, म्हणून लोक जास्तच गोंधळतात.

शेवटी आर पूर्ण बंद करा. पुन्हा उघडा, जुनं काही लोड न करता कोड पहिल्या ओळीपासून चालवा. बाहेर पडलेल्या एखाद्या जुन्या व्हेरिएबलवर तुमचा कॉलम उभा असेल तर तो आत्ता कोसळेल. कोसळला नाही तर जतन केलेली फाइल वाचा, रत्नागिरीची ओळ काढा आणि वहीतल्या आकड्यांशी ताडून बघा: पुरुष ७,६१,१२१, स्त्री ८,५३,९४८, एकूण १६,१५,०६९, लिंगगुणोत्तर ११२२.